बाबांची स्मरणपत्रिका छापून घेतली त्या लालबागच्या दुकानाबद्दल

वर्षश्राद्धाला वाटायला छोटी पत्रिका छापायची असेल आणि त्यात तोच तो ठरलेला मजकूर नको असेल तर या दुकानात जा. चार स्टार. दुकान म्हणजे एक गाळा, दोन कॉम्प्युटर, मागे कटिंग मशीन, भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने आणि बसायला एकच स्टूल, तेव्हा घरचे सगळे एकदम जाऊ नका, आमचे अर्धे फुटपाथवर उभे होते.

आधी दुसरीकडे काम दिलेलं, नाव घेत नाही. तिथल्या मुलाने बाबांचा तरुणपणीचा फोटो कुठल्यातरी एआय ॲपमध्ये टाकून साफ करून दिला आणि बाबा एवढे गोरे झाले की आईने विचारलं, हे कोण? वर कोट-टाय पण चढवलेला, फुकटात. बाबांनी आयुष्यात कोट घातला नाही, लग्नात पण नाही. मजकूर पण तयारच, 'प्रेमळ, मनमिळाऊ, सदैव हसतमुख'. हसतमुख? आमचे बाबा? पहिल्या पाळीहून आलेला माणूस आंघोळ आणि चहा होईपर्यंत कुणाशी बोलायचा नाही.

या दुकानाचे मालक, साठीच्या पुढचे असतील, त्यांनी मजकूर मागितलाच नाही. फोटो स्कॅनरवर ठेवता ठेवता विचारलं, "कुठल्या गिरणीत होते? खातं कुठलं?" मी म्हटलं साचेखातं, म्हणजे मागांवर कापड विणायचं खातं. "किती साचे बघायचे?" आता हे मला काय माहीत, पण आई स्टूलवरून लगेच म्हणाली, "दोन. नंतर गिरणीवाले चार बघा म्हणत होते तेव्हा केवढं भांडण झालेलं." आणि मग आई जी सुरू झाली ती थांबेचना, मालक एका हाताने टाईप करतायत, मध्ये दोन गिऱ्हाईकं झेरॉक्ससाठी येऊन परत गेली, त्यांनी तिला थांबवलं नाही.

त्यातलं बरंचसं मी पहिल्यांदा ऐकलं. राजापूरकडनं आले तेव्हा आधी बदली कामगार, म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम नाहीतर परत खोलीवर. खोलीत गाववाले एवढे की झोपायचं पण पाळीप्रमाणे, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने वळकटी गुंडाळायची, आणि जेवण महिन्याच्या खानावळीत. साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायचे, धागा सारखा तुटू नये म्हणून, त्यामुळे शर्ट नेहमी अंगाला चिकटलेला. आणि आवाज! बाजूच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून सगळे ओठ बघून बोलायचे. बाबांना म्हातारपणी कमी ऐकू यायचं, टीव्ही शेजाऱ्यांना पण ऐकू जायचा, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला आम्ही बहिणी कुजबुजलो की त्यांना बरोबर कळायचं. दहावीत मी आईला हळूच सांगितलेले मार्क त्यांनी भाकरी खाता खाता मोठ्याने वाचून दाखवलेत.

गिरणी संपाबद्दल फार लिहू नका असं भाऊ म्हणत होता, श्राद्धाला कशाला ते. मालक म्हणाले, लालबागमध्ये वाटणार आणि संप नाही घालणार? ते पण खरं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, कामगारांचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत सांगतील ते, आणि आमच्या बाबांना वाटत होतं दोन-तीन महिन्यात मिटेल. गावाला जाऊन शेतीला हात लावला, परत आले, गेट बंदच. मग वॉचमनची नोकरी अंधेरीला, बारा तासांची ड्यूटी, आणि आई घरी मसाले कुटून द्यायची. माझ्या मुलाने शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलेलं, "आजोबा, तुम्ही रिटायर कधी झालात?" तर म्हणाले, "झालोच नाय. संप मागे कुठे घेतलाय अजून? मी संपावरच आहे." म्हणजे मस्करीच, पण संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही हे खरं आहे. मालकांनी ते वाक्य जसंच्या तसं पान दोनवर मोठ्या अक्षरात टाकलं. भाऊ काही बोलला नाही. २०१२ ला कामगारांच्या घरांची लॉटरी निघाली तेव्हा बाबा पेपरातली यादी बोट ठेवून वाचत होते, तेही घालायचं होतं पण जागा संपली.

शेवटच्या पानासाठी माझ्या मुलाने एकच मागणी केली, आजोबांची गाठ. साच्यावर धागा तुटला की तो सांधायला बारीक गाठ मारतात, ती जाड झाली तर फणीतनं जात नाही आणि धागा परत तुटतो. बाबा ही गाठ एका हाताच्या चिमटीत, न बघता, कुणाशी तरी वाद घालता घालता मारायचे आणि टोक दाताने तोडायचे. संक्रांतीला चाळीतली सगळी पोरं तुटलेला मांजा घेऊन यांच्याकडे रांगेत. नातवाला शिकवताना तर एवढा धीर की आम्हाला कधी दाखवला नव्हता, आम्हाला एकदा दाखवायचे आणि नाही जमलं तर जा. मुलाने वहीच्या पानावर गाठीच्या पायऱ्या काढून आणल्या, मालकांनी त्या साफ करून श्लोकाच्या जागी छापल्या. श्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर निम्मी माणसं हाराचा दोरा घेऊन तेच करत बसलेली, आणि बाबांसोबत भजनात झांज वाजवणाऱ्या एका काकांना पहिल्या फटक्यात जमली, ते पण साचेखात्यातलेच.

आता कामाचं. फोटोचं काम एक नंबर, हाताने एकेक डाग काढलाय, कपाळावरची खूण आणि रंग आहे तसाच ठेवलाय. कागद जाड आर्ट पेपर, चार पानं, शंभर प्रती, तीन हजारांच्या आत झालं. आणखी काढायच्या तर शंभराच्या पटीतच काढतात.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. श्रावणात अजिबात जाऊ नका, मंडळांच्या पावत्या आणि अहवालांची कामं असतात, आमचं काम उशिरा झालं आणि फोन पण उचलत नव्हते. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर ते जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात त्यात जोडाक्षरं फुटतात, 'दुसऱ्या पाळी'मधला 'ऱ्या' प्रत्येक वेळी गायब, रफार भलत्याच अक्षरावर. त्यामुळे प्रूफ मोबाईलवर बघू नका, प्रिंट मागा, आणि गावातली एखादी मोठी बाई सोबत न्या. आमच्या आत्याने वाडीचं नाव, आजेसासऱ्यांचं नाव आणि एक तिथी अशा तिन्ही चुका उभ्या उभ्या काढल्या आणि मालकांनी तिच्यासमोरच दुरुस्त केल्या, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. रविवारी बंद असतं.