शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राची दोन सत्रे : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजचा अनुभव

पुण्यात आठ वर्षे लेखापालाचे काम केल्यानंतर न्यू जर्सीत आले आणि नर्सिंगकडे वळण्याचे ठरवले. तेव्हा प्रवेशाआधीची अट म्हणून ‘अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी’चे भाग १ आणि भाग २ पूर्ण करणे आवश्यक होते. ते मी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक महाविद्यालयात केले. दोन्ही भाग प्रत्येकी चार क्रेडिटचे. १५ आठवड्यांचे सत्र, आठवड्याला दोन व्याख्याने आणि तीन तासांची प्रयोगशाळा असे त्याचे स्वरूप होते. दहावीनंतर मी जीवशास्त्राला हातही लावला नव्हता. दुसरे सत्र संपून आता सात महिने झाले असल्यामुळे काय टिकले आणि काय पुसले गेले, हे मला बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते.

पुसले गेले ते बहुतेक पाठांतर. स्नायूंची नावे, त्यांचा उगम कोणत्या हाडावर आणि शेवट कोणत्या हाडावर, हे सारे परीक्षेपुरते डोक्यात राहिले आणि महिनाभरात विरळ झाले. हाडांचे तसे झाले नाही, कारण ती हातात घेऊन शिकले होते. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात हे वाक्य कोणीही पाठ करू शकते. पण मनगटाची आठ लहान हाडे टेबलावर ठेवून ती डाव्या हाताची की उजव्या, हे बोटांनी चाचपून ठरवणे हा वेगळाच अभ्यास आहे. कवटीच्या तळाशी असलेले, वटवाघळाने पंख पसरावेत तसे दिसणारे स्फेनॉइड हाड मला पुस्तकातील चित्रांवरून दोन आठवडे कळले नव्हते, आणि सुटे हाड हातात आल्यावर पाच मिनिटांत कळले.

पहिल्या सत्रात सर्वांनाच धास्ती वाटते ती शब्दांची. हजारो शब्द, आणि मुळे लॅटिन व ग्रीक. येथे मराठी वाचकाला एक आधार आहे, आणि तो मला कोणी आधी सांगितला असता तर बरे झाले असते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातील भाषा असल्याने अनेक शब्द मुळात आपल्या ओळखीचे निघतात. हाडासाठीचा ‘ऑस्टिऑन’ आणि आपली अस्थी, दातासाठीचा ‘डेन्स’ आणि दंत, गुडघ्यासाठीचा ‘जेनू’ आणि जानु, नाकासाठीचा ‘नासुस’ आणि नासिका या जोड्या एकाच मुळातून आल्या आहेत. मी वहीत इंग्रजी संज्ञेसमोर मराठी शब्द लिहीत गेले. पॅन्क्रियाससमोर स्वादुपिंड, स्प्लीनसमोर पांथरी. वही दुप्पट जाड झाली, पण पाठांतराचा वेळ कमी झाला.

खरी किंमत मात्र शरीरक्रियेच्या भागाची आहे, आणि तो बहुतांशी दुसऱ्या सत्रात येतो. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातील ९९ टक्क्यांच्या आसपास परत रक्तात घेतला जातो, म्हणून लघवी केवळ दीड-दोन लिटर होते. हे ‘आधी जवळजवळ सगळे बाहेर काढा आणि मग हवे ते परत घ्या’ असे काम कशासाठी, हा प्रश्न मला तीन आठवडे पुरला. त्याचे उत्तर समजल्यावर क्षारांचे संतुलन, रक्तदाब आणि लघवी वाढवणारी औषधे ही तीन प्रकरणे एका धाग्यात आली.

सर्वांत उपयोगी पडली ती रक्ताची माहिती. तांबड्या पेशीत केंद्रक नसते, ती सुमारे १२० दिवस जगते आणि नंतर मुख्यतः पांथरीत व यकृतात मोडली जाते. तेवढ्या काळात रक्तातील ग्लुकोज तिच्यातील हिमोग्लोबिनला चिकटत राहते. सांगलीत माझ्या वडिलांना मधुमेह आहे, आणि तपासणीआधी आठ दिवस गोड बंद केले की अहवाल चांगला येतो, असा त्यांचा अनेक वर्षांचा समज होता. ही चिकटलेली साखर मोजणारी एचबीएवनसी चाचणी दोन-तीन महिन्यांची सरासरी का दाखवते, आणि रक्तक्षयात किंवा रक्त चढवल्यानंतर तिचा आकडा फसवा का ठरू शकतो, हे मी त्यांना फोनवर मराठीत समजावू शकले. या दोन सत्रांतले माझे सर्वांत समाधानाचे अर्धे तास तेच होते.

प्रयोगशाळेबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे. पहिल्या सत्रात ती वर्गात होती. दुसऱ्या सत्रात वेळेच्या अडचणीमुळे मी ऑनलाइन प्रयोगशाळेची तुकडी निवडली, आणि तो निर्णय चुकला. पडद्यावर मेंढीचे हृदय कापून पाहिले, प्रश्नांची उत्तरे अचूक दिली, गुणही मिळाले. पुढे एका मैत्रिणीच्या तुकडीत परवानगी घेऊन बसले आणि खरे हृदय हातात घेतले. डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड आहे हे बोटांच्या चिमटीत कळले. उजवी बाजू रक्त जवळच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलते, डावी सर्व शरीरभर, हे कारण मला आधीच पाठ होते. त्या दिवशी ते पटले. झडपांना ताणून धरणारे पांढरे दोरे इतके चिवट असतील, याचीही पडद्यावरून कल्पना येत नाही.

पुस्तकासाठी राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचे ‘अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी’ वापरले. ते विनामूल्य आहे, २८ प्रकरणांचे आहे आणि कोठूनही उतरवून घेता येते. भारतात बसून हा विषय चाळून पाहणाऱ्यालाही ते उघडता येईल. याउलट गृहपाठासाठी एका प्रकाशकाचे सशुल्क संकेतस्थळ सक्तीचे होते, आणि सत्र संपताच प्रवेश बंद झाल्याने त्यात केलेली माझी सर्व टिपणे गेली. टिपणे स्वतःच्या वहीतच ठेवावीत.

ज्यांना केवळ स्वतःच्या आरोग्याची समज हवी आहे, त्यांनी हा अभ्यासक्रम घेऊ नये, असे माझे मत आहे. आहार आणि रोगप्रतिबंध यांना येथे फार थोडी जागा आहे, आणि आठवड्याचे बारा ते पंधरा तास जातात. त्यांच्यासाठी मानवी जीवशास्त्राचा प्राथमिक, एका सत्राचा विषय पुरेसा आहे. नर्सिंग किंवा फिजिओथेरपीकडे जाणाऱ्यांनी नाव नोंदवण्याआधी पुढील संस्थेला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : ऑनलाइन प्रयोगशाळा चालते का, आणि गुण किती वर्षे ग्राह्य धरले जातात. अनेक ठिकाणी पाच किंवा सात वर्षांची मर्यादा असते. माझा सूक्ष्मजीवशास्त्राचा विषय येत्या सत्रात आहे. त्यासाठी घरापासून पन्नास मिनिटांवर असलेली, पण प्रत्यक्ष प्रयोगशाळेची तुकडी घेतली आहे.