पीएलसीवाल्या सरांचं तासावरचं बिल: भोसरीतल्या छोट्या शॉपचा अनुभव

आमचं भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉप (पत्रा दाबून पार्ट काढायचं) आहे, छोटंच, त्यात दोन एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेली खास मशीन, आहेत पीएलसीवर (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) चालणारी आणि त्यातलं एक जरी रुसलं तरी डिस्पॅच बोंबलतो. आधी एका एजन्सीकडे काम दिलेलं, त्यांचं सगळं लमसम. ऐकायला बरं वाटतं, एक रकमी आकडा, डोक्याला ताप नाही. पण सायकल टाइम, म्हणजे एका पार्टला लागणारा वेळ, दोन सेकंदांनी कमी करा म्हटलं की "हे स्कोपमध्ये नाही साहेब", लगेच दुसरं कोटेशन, आणि त्यात तास किती लागणार हे विचारलं की गोलगोल उत्तर. मग ओळखीतून कोथरूडचे एक सर मिळाले, आयुष्यभर मोठ्या कंपनीत मेंटेनन्सला होते, आता स्वतंत्र कन्सल्टिंग करतात. नाव-नंबर टाकत नाही, त्यांनीच सांगितलंय सध्या नवीन गिऱ्हाईक नको. कामाला माणूस एक नंबर, ते इथेच संपवतो, कारण मला लिहायचंय ते त्यांच्या बिलाबद्दल. असलं बिल मी आजवर पाहिलं नव्हतं.

रेट ताशी १८००. हिशोब घरात बायको बघते, तिने आकडा ऐकून माझ्याकडे जे बघितलं ते सांगत नाही. सरांनी शांतपणे समजावलं की साहेब, याच्यात माझा पीएफ नाही, बोनस नाही, आजारी पडलो तर शून्य, लॅपटॉप माझा, प्रत्येक मेकच्या केबली माझ्या, सॉफ्टवेअरचं लायसन्स माझं, आणि महिन्यातले निम्मे तास कोटेशन, फोन, पैशाचा तगादा यातच जातात, ते कोणाला लावू. पटलं. महिन्याचा पगार भागिले तास असं गणित करून कन्सल्टंटला महाग म्हणणारे आपल्यात खूप आहेत, मीही त्यातलाच होतो.

आता बिल. एक पान टॅक्स इन्व्हॉइसचं आणि मागे टाइमशीट जोडलेली. टाइमशीटमध्ये दर ओळीला वेळ आणि काय केलं ते, साध्या मराठीत. एक ओळ अशी होती: "१०:१५ ते ११:००, फॉल्ट शोधला, प्रॉक्सिमिटी सेन्सरची वायर केबल ट्रेमध्ये तुटलेली." त्याच्या खालची: "११:०० ते ११:३०, प्रोग्रामच्या पासवर्डची वाट, अर्धा दर." ही दुसरी ओळ वाचून मी तडक फोन लावला. वाट बघण्याचे पैसे कसले? तर म्हणाले, तुमचा पासवर्ड तुमच्या जुन्या मेंटेनन्सवाल्याच्या डोक्यात होता, तो आता चाकणला नोकरीला, फोन उचलत नव्हता, तेवढा वेळ मी दुसऱ्याच्या शॉपवर जाऊ शकत होतो का? म्हणून अर्धा. फोन ठेवल्यावर सुपरवायझरला बोलावलं आणि दोन्ही मशीनचे पासवर्ड आणि बॅकअप एका पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या कपाटात ठेवले. लमसममध्ये हा अर्धा तास कुठेतरी पोटात घातला असता आणि पासवर्ड अजून चाकणलाच असता.

वेळ मोजायचं युनिट १५ मिनिटांचं आहे. पण गंमत कुठे आहे बघा, ते राउंडिंग दिवसाच्या बेरजेला करतात, प्रत्येक ओळीला नाही. हा फरक छोटा वाटतो पण नाहीये, कारण पाच-पाच मिनिटांची सहा कामं झाली आणि प्रत्येकाला वर ओढून १५ केलं तर अर्ध्या तासाचा दीड तास होतो. परदेशात वकील लोक तासाचे दहा तुकडे करून सहा-सहा मिनिटांनी बिल लावतात, ते आपल्याकडे कोणी केलं तर भांडणंच होतील. कोणाकडून तासावर काम करून घेत असाल तर राउंडिंग कुठे करता हे आधी विचारा, रेट नंतर. फोनवर दहा मिनिटांपर्यंत काही लावत नाहीत. साइटवर आले की कमीत कमी चार तास लागतात, मग काम वीस मिनिटांचं का असेना. यावर माझं तोंड अजून वाकडं आहे, पण त्यामुळे आता आम्ही बारीकसारीक कामं साठवून ठेवतो आणि एकदमच बोलावतो.

येण्याजाण्याचं: वनाजला मेट्रोत बसतात, सिव्हिल कोर्टला बदलतात, नाशिक फाट्याला उतरतात, तिथून आमचा पोरगा अ‍ॅक्टिव्हावर घेऊन येतो. एका बाजूचाच वेळ लावतात, तोही अर्ध्या दराने. रात्रीचा रिक्षावाला मागतो तसला हाफ रिटर्नचा प्रकार नाही.

आणि आता ओटी. आपल्या कामगाराला ओव्हरटाइमला डबल हा फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ पासूनचा नियम, ते आपल्या अंगवळणी पडलंय. स्वतंत्र कन्सल्टंटला यातलं काही लागू नाही, तो कोणाचा कामगार नाही, त्यामुळे ओटी म्हणजे कागदावर जे लिहिलं तेवढंच. लिहिलं नसेल तर त्याने रात्री दोनपर्यंत थांबून सकाळी डबल मागितलं किंवा तुम्ही एक रुपया जास्त नाही म्हणालात, दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि संबंध मात्र खल्लास. सरांच्या अटींच्या दोन पानी पत्रात हे स्पष्ट आहे: दिवसाला आठ तास साधा दर, त्यावर दीडपट, रात्री दहानंतर आणि सुट्टीला दुप्पट, आणि महत्त्वाचं म्हणजे जास्त दर सुरू व्हायच्या आधी माझा व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके" आला पाहिजे, नाही आला तर त्यांचं काम साध्या दराने किंवा दुसऱ्या दिवशी. एकदा साडेनऊला आले, पावणेसातला गेले, जेवणाचा अर्धा तास वजा, म्हणजे पावणेनऊ तास. आठ तासांचे १४,४००, वरच्या पाऊण तासाचे २,७०० च्या दराने २,०२५, एकूण १६,४२५. कॅल्क्युलेटर घेऊन बसा, एक रुपया इकडचा तिकडे नाही.

पण सुट्टी म्हणजे कोणाची? इथे खरी मजा. आमची सुट्टी गुरुवारची, भोसरीत बहुतेकांची तीच, मशीन थांबवून काम करायचं तर गुरुवारच सोयीचा, आणि रविवारी आमचं शॉप जोरात चालू. सरांची सुट्टी रविवारची, नातवंडं येतात. मी म्हटलं आमचा गुरुवार तुमच्यासाठी साधा दिवस, ते म्हणाले कबूल, पण तुमचा रविवार माझ्यासाठी सुट्टीच. म्हणजे रविवारी ब्रेकडाउन झाला की ताशी ३,६००. सुरुवातीला टोचलं. नंतर लक्षात आलं की आमचा सुपरवायझर आता शनिवारी संध्याकाळीच मशीनचा आवाज ऐकत फिरतो आणि काही संशय आला की तेव्हाच फोन करतो. सर एकदा चहा पिताना बोलून गेले की ओटीचा दर मी कमवायला ठेवलेला नाही, उगाच रविवारी बोलावू नये म्हणून ठेवलाय. दीडपट का, डबल का नाही, असं विचारलं तर हसले, म्हणे डबल लावलं तर तुम्ही साडेपाचपासूनच घड्याळ बघाल आणि मला काम अर्धवट टाकून जावं लागेल.

मोठ्या कामाला अंदाज देतात, समजा १२ ते १६ तास, आणि १६ पार होतील असं वाटलं तर तेरा-चौदाव्या तासालाच फोन येतो. हे फार कमी लोक करतात. बाकीचे बिलातच सांगतात.

कौतुक पुरे. मला न पटलेलं म्हणजे शिकण्याचे तास. आम्ही एक नवीन मेकचा सर्व्हो ड्राइव्ह (मोटर अचूक फिरवणारा कंट्रोलर) घेतला, सरांनी तो आधी हाताळला नव्हता, मॅन्युअल वाचायला घरी तीन तास लावले आणि बिलात अर्ध्या दराने आले. माझं म्हणणं, ते ज्ञान तुम्ही उद्या दुसऱ्याकडेही विकणार, मी का पैसे भरू? त्यांचं म्हणणं, ड्राइव्ह तुम्ही निवडला, मला न विचारता. बरीच घासाघीस झाली, शेवटी निम्म्यावर तुटलं. दुसरं, बिल उशिरा येतं, कधीकधी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, तोपर्यंत आपल्यालाच आठवत नाही मंगळवारी काय झालं होतं. एवढा काटेकोर माणूस, आठवड्याला शीट पाठवायला काय हरकत आहे?

करांचं थोडक्यात. १८ टक्के जीएसटी लावतात, तो आपल्याला क्रेडिटमध्ये मिळतो त्यामुळे खरा खर्च १६,४२५ च. टीडीएसवरून आमच्या सीएचं आणि सरांचं जुंपलं होतं, २ टक्के टेक्निकल की १० टक्के प्रोफेशनल, पण आयकर कायद्यातल्या १९४जे कलमाच्या व्याख्येत इंजिनिअरिंगचं नाव सरळ लिहिलेलं होतं म्हणून सीएने १० च कापले, आणि तेही जीएसटी सोडून मूळ रकमेवर. बिलावर उद्यम नंबर (लघुउद्योग नोंदणीचा) छापलेला असतो, तो नुसता शोभेला नाही. मायक्रो-स्मॉल युनिटचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, आणि २०२३-२४ पासून आयकर कायद्यात आलेल्या ४३बी(एच) कलमामुळे तसं नाही दिलं आणि ३१ मार्च उलटला तर त्या वर्षी तो खर्चच धरत नाहीत. आपल्याला ९० दिवसांची सवय, कारण आपल्या गिऱ्हाइकांनीच ती लावलीये. सरांच्या पत्रात ३० दिवस आहेत, मी ३० दिवसांत देतो.

आता पुढच्या वर्षासाठी त्यांनी रिटेनर सुचवलाय: महिन्याला दहा तास, दर १,६००, ब्रेकडाउनला आधी आमच्याकडे येणार, पण न वापरलेले तास महिना संपला की गेले. दर ठीक आहे, प्राधान्यही हवंच आहे. पण पावसाळ्यात आमचं काम तसंही मंद असतं, तेव्हाचे तास फुकट का घालवायचे, निदान तीन महिन्यांच्या आत तरी वापरता यावेत असं मी कळवलंय. त्यावर त्यांचं उत्तर आलं की एक महिना पुढे ढकलायला तयार, तीन नाही, कारण मग दिवाळीच्या तोंडावर सगळे जण साठवलेले तास घेऊन एकदम दारात उभे राहतील. बायको म्हणतेय घ्या. मी अजून सही केलेली नाही.