मॅनिकिन नकली, ट्रॉली खरी : इमर्जन्सी ट्रेनिंगचा संच काही महिने वापरल्यावर

कोल्हापुरात दहा ते तीस खाटांची नर्सिंग होम गल्लोगल्ली आहेत. डॉक्टरांकडं बीएलएस-एसीएलएसचं (थांबलेलं हृदय आणि श्वास सांभाळण्याच्या कोर्सचं) कार्ड असतं, ते दोन वर्षं चालतं. हाताची सवय मात्र तीन ते सहा महिन्यांतच उतरायला लागते. म्हणून राजारामपुरी-शाहूपुरीकडच्या काही हॉस्पिटलांनी वर्गणी काढून एक ट्रेनिंग संच घेतला आणि तो आळीपाळीनं फिरवला. संचात छातीपर्यंतचा मॅनिकिन, बाळाची बाहुली, एईडी ट्रेनर (हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनची नक्कल), इंट्युबेशनचं म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब घालायच्या सरावाचं डोकं, हातानं पिळून श्वास द्यायची अँबू बॅग आणि केसची छापील कार्डं असा ऐवज आहे. वळवाच्या आधी घेतला, पावसाळा काढला, आता गळीत हंगामही निम्मा सरला. ब्रँडचं नाव देत नाही. या किमतीतल्या बहुतेक संचांची घडण सारखीच असते.

मॅनिकिनपासून सुरुवात करू. सीपीआरमध्ये छाती दाबायची खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120 या दोन गोष्टी तो बरोबर शिकवतो. 5 सेंटिमीटरला क्लिक वाजतं, खांद्यावरचे दिवे वेग दाखवतात. मोबाइल ॲपमध्ये आलेखही येतो, आणि डीलर डेमोत तोच कौतुकानं दाखवतो. प्रत्यक्षात ब्लूटूथ जोडण्यात पहिली पाच मिनिटं जातात, म्हणून ॲप कधीच मागं पडलं. फोनवर 110 चा मेट्रोनोम लावला की काम भागतं.

खरी उणीव आहे ती रिकॉइलची. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर यायला हवी, नाहीतर हृदयात रक्त भरतच नाही. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो. हा मॅनिकिन ते पकडत नाही, खोली पुरी झाली की हिरवा दिवा देऊन मोकळा होतो. उपाय एकच: शेजारी उभ्या असलेल्यानं तळहाताची टाच बघायची. दोन दाबांच्या मध्ये तिच्याखाली कागद सरकवता आला पाहिजे. नवीन घेणाऱ्यांनी आलेखापेक्षा रिकॉइलचा वेगळा दिवा आहे का, एवढंच विचारावं.

दुसरी गंमत गादीची. जमिनीवर सगळ्यांना शंभरपैकी नव्वद मिळतात. तोच मॅनिकिन वॉर्डातल्या फोमच्या गादीवर ठेवला की दुसऱ्या मिनिटाला दिवे पिवळे. या मॅनिकिनचा सेन्सर आत असल्यामुळं तो छाती पाठीच्या दिशेनं किती दबली तेवढंच मोजतो. गादीत गेलेली मेहनत त्याला दिसत नाही, पण करणाऱ्याच्या खांद्याला ती कळते. (पेशंटच्या छातीवर ठेवायची जी फीडबॅक पॅड येतात त्यांचं उलटं असतं, ती गादीचं दबणंही खोलीत धरतात आणि खोटी शाबासकी देतात.) म्हणून सराव खऱ्या कॉटवर, पाठीखाली फळी घालून, आणि उंचीनं कमी असलेल्या सिस्टरसाठी पायरीचं स्टूल ठेवूनच करावा. स्टूल कुठं असतं हे कुणालाच माहीत नसणं, ही पहिल्याच ड्रिलमध्ये सापडणारी गोष्ट.

स्प्रिंगबद्दल थोडं. रोजच्या दाबानं स्प्रिंग बसत जाते आणि क्लिक देणारी प्लॅस्टिकची पट्टी झिजते. मग क्लिक लवकर वाजायला लागतं आणि सगळे चार सेंटिमीटरवरच खूश होतात. तपासायला सोपं आहे: घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्यावर मॅनिकिन, काटा शून्यावर आणा, आणि क्लिक वाजेपर्यंत सावकाश दाबून आकडा वाचा. बाजूला पट्टी धरून खोलीही बघा. पहिल्या दिवशीचा आकडा तळाला चिकटपट्टीवर लिहून ठेवावा, दर महिन्याला ताडून बघावा. उद्यमनगरात हवी तशी स्प्रिंग वळवून मिळते हे खरं, पण तारेची जाडी आणि वेढे जुळले तरी ताठपणा जुळेलच असं नाही. बदललेली स्प्रिंग याच काट्यावर जुन्या आकड्याला आणल्याशिवाय वापरू नये.

पावसाळ्यात व्हिनाइलची कातडी चिकट होते, आतल्या फुप्फुसाच्या पिशवीला कुबट वास येतो. वापर झाला की पिशवी काढून टाकायची, चेहरा अल्कोहोलच्या वाइपनं पुसायचा, पूर्ण वाळल्यावर हलकी पावडर लावून कापडात ठेवायचा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका; शाई व्हिनाइलमध्ये उतरते आणि मग कशानंही निघत नाही. इंट्युबेशनच्या डोक्याला संचासोबतचा सिलिकॉन स्प्रेच वापरावा. झायलोकेन जेली वाळली की चिकटा धरते आणि पुढची ट्यूब घशातच अडकते.

एईडी ट्रेनर ठीक. पॅडचा चिकटा लवकर गेला, वायर पॅडच्या तोंडाशी तुटली. पण एक गोष्ट गंभीर आहे: ट्रेनर शॉक देत नाही, आणि दिसतो मात्र हुबेहूब. तो खऱ्या मशीनच्या कपाटात कधीही ठेवू नये, चारही बाजूंनी लाल पट्टी मारावी. उलट चूकही तितकीच वाईट: साध्या मॅनिकिनवर खऱ्या डिफिब्रिलेटरचा शॉक देऊ नये. खरं मशीन ड्रिलमध्ये फक्त हाताळायचं: चालू करणं, ऊर्जा निवडणं, सिंक (शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवायची सोय) बंद आहे ना बघणं. सिंक चालू राहिलं असेल तर व्हीएफमध्ये (हृदय नुसतं थरथरत असताना) मशीन ईसीजीतली आर लाट शोधत बसतं आणि बटण दाबूनही शॉक सुटत नाही. पॅडलला सोनोग्राफीची जेली लावायची सवय सगळीकडं आहे, ती मोडावी. तिची वीज वाहून नेण्याची क्षमता कमी, कातडी भाजते. चार्ज होईपर्यंत छाती दाबणं सुरूच राहतं, शॉकपुरतं थांबायचं, आणि एकूण खंड 10 सेकंदांच्या आत. ऑक्सिजनचा मास्क त्या वेळी हातभर नव्हे, चांगला मीटरभर लांब.

संचातली केसची कार्डं मात्र निरुपयोगी निघाली. त्यात ॲनाफिलॅक्सिसला (जीवघेण्या ॲलर्जीला) ऑटो-इंजेक्टर, म्हणजे डोस भरलेलं तयार इंजेक्शन, काढा असं लिहिलंय. आपल्या ट्रेमध्ये असतं ॲड्रिनलीनचं 1 मिलीचं ॲम्प्युल (काचेची कुपी). ते फोडून, 0.5 मिली म्हणजे 0.5 मिलिग्रॅम ओढून, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर स्नायूत देणं, हा सराव कार्डात कुठंच नाही. ओपीडीत इंजेक्शननंतर पेशंटला पुरळ आलं, दम लागला, की हात आधी जातो एव्हिल-डेक्साकडं (ॲलर्जीची गोळी-इंजेक्शनं आणि स्टेरॉइड). ती नंतरची औषधं. आधी ॲड्रिनलीन, पेशंट आडवा, पाय वर, सलाईन जोरात, आणि फरक नसेल तर 5 मिनिटांनी तोच डोस पुन्हा. कार्डं फाडून टाकून स्वतःची लिहिली, तेव्हा कुठं संच कामाला आला.

आता जे लिहितोय त्यासाठीच हा प्रपंच. ऊसपट्ट्यात ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट येतात. त्यावरच्या ॲट्रोपिनचं ॲम्प्युल 0.6 मिलिग्रॅमचं. सुरुवात 1.8 ते 3 मिलिग्रॅम, म्हणजे 3 ते 5 ॲम्प्युल, आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत दर 5 मिनिटांनी डोस दुप्पट. अगदी तीनपासून धरलं तरी 3, 6, 12, 24. पंधराव्या मिनिटाला एकूण 45 ॲम्प्युल फोडून झालेली असतात. ट्रेमध्ये असतात दहा. हे गणित पाठ असणाऱ्यालाही 24 ॲम्प्युल फोडून ओढायला किती हात आणि किती वेळ लागतो ते ड्रिल केल्याशिवाय कळत नाही: दोन सिस्टर फक्त त्याच कामाला, तिसरी सक्शनला (घशातला स्राव ओढायला). ड्रिलनंतर साठा वाढवावा लागला, आणि फार्मसीची रात्रीची चावी कुणाकडं, हेही ठरवावं लागलं. डोस डोळ्याच्या बाहुलीचा आकार बघून थांबवायचा नाही; फुप्फुसं कोरडी झाली का, नाडी 80 च्या वर आहे का आणि बीपी धरलंय का, हे बघायचं.

लेबर रूमचंही तसंच. एक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणातल्या झटक्यांचा) प्रिचर्ड पद्धतीचा लोडिंग म्हणजे पहिला मोठा डोस 14 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. 50 टक्क्यांचं 2 मिली ॲम्प्युल म्हणजे 1 ग्रॅम. चार ॲम्प्युल म्हणजे 8 मिली, त्यात 12 मिली डिस्टिल्ड वॉटर, झालं 20 टक्क्यांचं 20 मिली. ते शिरेतून निदान 5 मिनिटं घेऊन सावकाश. मग दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ॲम्प्युल खोल स्नायूत. बाजारात 25 टक्क्यांचीही ॲम्प्युल येतात, त्यामुळं नग मोजण्याआधी लेबल मोठ्यानं वाचायचं. शेजारी उतारा म्हणून 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं 10 मिली काढून ठेवायचं. पुढचा डोस द्यायचा तो गुडघ्याची उडी (खाली ठोकल्यावर पाय उडणं) आहे, श्वास मिनिटाला 16 च्या खाली नाही आणि लघवी होतेय हे बघूनच.

सरावाला खरी औषधं वाया घालवायची नाहीत, आणि मुदत संपलेली तर मुळीच वापरायची नाहीत; ती दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच गेली पाहिजेत. डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्युल घ्या, त्यांवर ‘सराव’ अशी पट्टी लावा, आणि ड्रिल संपल्यावर मोजून परत डब्यात. एकही इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीवर राहता कामा नये. फुटलेली काच निळ्या डब्यात, सुया पांढऱ्यात, ड्रिलमध्येही.

बोलण्याची सवय हा वेगळाच धडा. ‘कुणीतरी ॲड्रिनलीन भरा’ असं म्हटलं की कुणीच हलत नाही, किंवा दोघी भरतात. याउलट:

‘सुजाता सिस्टर, ॲड्रिनलीन एक मिलिग्रॅम आयव्ही.’

‘ॲड्रिनलीन एक मिलिग्रॅम आयव्ही दिलं सर, मागून 20 मिली सलाईन. दहा बारा.’

दहा बारा म्हणजे वेळ. पुढचा डोस 3 ते 5 मिनिटांनी, तो सांगायचं काम वेळ लिहिणाऱ्याचं. अडचण येते ती सर स्वतः छाती दाबत असताना. दाब उथळ पडतोय हे दिसत असतं, पण सरांना सांगणार कोण? म्हणून नियमच केला: वेळ लिहिणारी व्यक्ती ‘खोली कमी’ किंवा ‘बदला’ म्हणाली की समोर कोणीही असो, मुकाट ऐकायचं. आणि सर्वांत अनुभवी माणसानं छाती दाबायला जायचंच नाही, कॉटच्या पायथ्याशी उभं राहायचं. दर 2 मिनिटांनी हात बदलला पाहिजे. ‘मी दमलो नाही’ हे उत्तर धरायचं नाही, कारण दाब उथळ होतो तेव्हा दाबणाऱ्याला ते जाणवत नाही.

अँबू बॅग हा सगळ्यांना सोपा वाटणारा आणि सगळ्यांचा चुकणारा भाग. मोठ्या माणसाची पूर्ण बॅग पिळायची नसते. 500 ते 600 मिली, एका सेकंदात, छाती उचललेली दिसेपर्यंत. जोरात पिळलं की हवा पोटात. एकट्यानं मास्क धरून पिळण्यापेक्षा दोघांनी करावं, एकानं दोन्ही हातांनी मास्क, दुसऱ्यानं बॅग. श्वासनलिकेत ट्यूब घातल्यावर दर 6 सेकंदांनी एक श्वास, मोजून.

बाळाची बाहुली घेऊ नका. तिची छाती उचलायला इतका जोर लागतो की हाताला चुकीचं वळण लागतं, आणि ती धड अर्भकाची नाही, धड नवजाताचीही नाही. लेबर रूमसाठी नवजाताचा वेगळा मॅनिकिन लागतो. तिथं पहिल्या मिनिटाच्या आत श्वास सुरू करणं हाच गाभा असतो आणि दाबायची वेळ आलीच तर प्रमाण 3:1, तीन दाबांना एक श्वास.

सुट्या भागांबद्दल डीलरनं तोंडी ‘सगळं मिळतं सर’ सांगितलं होतं. फुप्फुसाच्या पिशव्या यायला कित्येक आठवडे लागले. घेतानाच पिशव्या, चेहऱ्याचे मास्क आणि एक स्प्रिंग जादा घ्या, दर बिलावर लिहून घ्या. बॅटरी आतली रिचार्जेबल नको, साधे पेन्सिल सेल बरे. वापरून झाल्यावर सेल काढा, लॅरिंगोस्कोपचेही (ट्यूब घालताना घशात बघायच्या उपकरणाचे).

ड्रिल पंधरा मिनिटांचं, ड्युटी बदलताना, दोन्ही पाळ्या हजर असताना, आणि आपल्याच ट्रॉलीवर. मावशी आणि वॉर्डबॉय मामांना बाहेर ठेवू नका. सिलिंडर तेच आणतात. सक्शन चालू आहे म्हणजे ओढतंय असं नाही. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून काटा चढतो का बघायचं, आणि हे मामांना दोन मिनिटांत जमतं. बरणीचं झाकण तिरकं बसलं असेल तर मोटर नुसती आवाज करते.

पावसाळ्याआधी एक ड्रिल वेगळं घ्यावं: पेशंट कुठंही पाठवायचा नाही, 108 पोहोचणार नाही, सहा तास इथंच सांभाळायचा. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली होती, तेव्हा ही कल्पनेतली केस नव्हे. ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर 150 बारच्या दाबाला भरलेला असेल तर सुमारे 1500 लिटर; मिनिटाला 15 लिटरनं 100 मिनिटं. काटा 75 वर असेल तर 50. सहा तासांना चार सिलिंडर लागतात, आणि चारही बदलायला एकच चावी असते. ती साखळीनं ट्रॉलीला बांधा, खिळ्याला अडकवू नका.