डीएचआयएस २ : आरोग्य खात्याचा सगळा डेटा एका जागी आणायचा असेल तर नक्की बघा

ओस्लो विद्यापीठाच्या हिस्प सेंटरचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि आमच्या डेटा टीमचं रोजचं काम आता यावरच चालतं. आधी काय व्हायचं, लसीकरणाची एक एक्सेल, टीबीची वेगळी, साथरोगांची तिसरीच, आणि एकाच दवाखान्याचं नाव तीन फायलींत तीन स्पेलिंगने, मग महिनाअखेरीस बसा जुळवत. इथे प्रत्येक केंद्राची नोंद एकदाच होते आणि सगळे प्रोग्राम त्याच यादीवर चालतात, माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

मला सगळ्यात आवडले ते व्हॅलिडेशन रूल्स, म्हणजे भरलेले आकडे एकमेकांशी जुळतात का हे तपासणारे नियम. पेंटा लसीचा (बाळांना तीन डोसांत देतात ती) तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त भरला गेला तर चेक केल्यावर ते लगेच दिसतं, रिपोर्ट वर जायच्या आधीच केंद्राला फोन करता येतो! अँड्रॉइड अ‍ॅप नेट नसतानाही चालतं, हेही भारी.

पण लॅबची सिस्टीम आपोआप जोडली जाईल असं समजू नका. एपीआय (दोन सिस्टीम्सना एकमेकांशी डेटा देता-घेता येतो ती सोय) चांगला आहे, तरी दोन्हीकडचे कोड जुळवायला माणूसच लागतो, आणि केंद्रांची मास्टर यादी कोण सांभाळणार हे ठरवलं नाही तर डुप्लिकेट नोंदी परत सुरू. शिवाय आज भरलेला आकडा डॅशबोर्डवर लगेच येत नाही, डॅशबोर्ड ज्यावरून आकडे दाखवतो त्या अ‍ॅनालिटिक्स टेबल्स अपडेट व्हाव्या लागतात, त्या बहुतेक ठिकाणी रात्रीच चालवतात, साथीच्या दिवसांत हा उशीर फार खटकतो, तेव्हा अ‍ॅडमिनकडून ते शेड्यूल आधीच बदलून घ्या.