यादवकाळावरची पुस्तकं: ओपॅकवर शोधावीत की थेट कपाटापाशी?

एम.ए.च्या प्रबंधिकेला देवगिरीचे यादव हा विषय घेतला, की विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरुवात कुठून करायची, हा पहिला पेच.

वेळेच्या बाबतीत ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची, सरस. पुस्तक इश्यू झालंय का, हे जागेवरच कळतं. पण स्पेलिंग घात करतं. रोमन लिपीत देवगिरीत ‘व्ही’ येतो, कुठे ‘ओ’. ‘यादव’च्या शेवटी ‘ए’ असतो, नसतो. एकच शब्द टाकून ‘काही नाही’ म्हणत उठू नका. देवनागरीत टाका, मग दौलताबाद, मग सेउण (यादवांचंच दुसरं नाव). जुन्या पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढलेल्या नसतील, तर कार्डांचे खण उघडावे लागतात.

कपाटापाशी श्रम जास्त, पण शेजारचं पुस्तक हाती लागतं, आणि त्याची संदर्भसूची तर खरा खजिना. अडचण विखुरण्याची. ड्यूई पद्धतीत (विषयावार क्रमांक देऊन पुस्तकं लावण्याची पद्धत) मध्ययुगीन भारत 954.02 ला, महाराष्ट्राचा इतिहास 954.792 ला. लीळाचरित्र (यादवकाळातला महानुभाव पंथाचा ग्रंथ) मात्र मराठी साहित्यात, 891.46 च्या आसपास. मंदिरं 726 ला, नाणी 737 ला. इतिहासाच्याच रांगेत फिरलात तर महानुभाव वाङ्मय पूर्ण सुटतं. गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) बहुधा संदर्भ विभागात, घरी मिळत नाही.

ठरावीक पुस्तक हवं असेल, किंवा लातूर-नांदेडहून एका दिवसासाठी येणार असाल, तर ओपॅक. क्रमांक आदल्या रात्री वहीत उतरवून आणा. विषय अजून पक्का नसेल तर दोन दिवस कपाटांना द्या.