पुणे ते केगाव: आठ महिन्यांच्या खेपांनंतर

पीएचडीच्या कामासाठी जूनपासून महिन्यातून दोनदा पुण्याहून सोलापूर विद्यापीठात जातेय. जानेवारीअखेर पंधराएक खेपा झाल्या.

रेल्वे उत्तम, वाद नाही. पण हुतात्मा घ्या नाहीतर 2023 साली सुरू झालेली वंदे भारत, दोन्ही सोलापूरकरांच्या सोयीच्या: सकाळी तिकडून निघतात, संध्याकाळी पुण्याहून परततात. आपण पोचतो रात्री, म्हणजे लॉजचा खर्च आलाच. सिद्धेश्वर सकाळी पोचवते, पण ती पुण्यात येते मध्यरात्रीनंतर.

खरं दुखणं स्टेशनबाहेर. विद्यापीठ गावात नाही, पुणे रस्त्यावर केगावला आहे. रिक्षावाला मीटरचं नाव काढेना. जाताना अडीचशे, येताना अडीचशे. अशा पाच खेपा केल्या. माझ्या पगारात ते पैसे थोडे नाहीत, आजही सलतात. कारण पुण्याहून येणारी एसटी केगाववरूनच गावात शिरते!

हे कळलं सहाव्या खेपेला. रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही म्हणून एसटीत बसले होते. शेजारच्या आजींनी विचारलं, "कुठं निघालाव?" सांगितल्यावर म्हणाल्या, "मग ष्टँडवर कशाला जाताव? मास्तरला सांगा की." मास्तरांनी, म्हणजे कंडक्टरनी, दोरी ओढून एक घंटी दिली आणि मी विद्यापीठाजवळ उतरले. रिक्षाचा खर्च शून्य. तेव्हापासून एसटीच. विनाथांबा गाडीचे मास्तर कधी कधी थांबवत नाहीत, म्हणून चढतानाच विचारा, तिकीट काढल्यावर नको.

गाव फिरायला त्रासाचं, असंही मी मैत्रिणींना सांगत होते. ते मागे घेते. 13 जानेवारीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत पोचले, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद. चिडून चालायला लागले. वळणावर पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस नंदीध्वजाची उंच काठी कमरेच्या आधारावर तोलून येत होता. मान ताठ, नजर वर, बाजूचे हात लावायला तयार, आणि रस्ता एकदम गप्प. अशा सात काठ्या, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी निघालेल्या. मी दोन तास हलले नाही.

त्या दिवशी पायीच भुईकोट किल्ला, शेजारचा तलाव, सिद्धेश्वराचं देऊळ पाहिलं. चार पुतळ्यांपाशी थांबले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे. हुतात्मा एक्स्प्रेसला त्यांच्यामुळे ते नाव आहे, हे इतक्या खेपांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळं एकमेकांना लागून आहे, रिक्षा लागत नाही.

परतीला केगावला हात दाखवून गाडी क्वचितच थांबते. मी शेअर रिक्षाने जुन्या पुणे नाक्यावर येते, तिथं मिळते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र गावातूनच घेऊन ठेवा, नाक्यावर गाडी आली की वेळ मिळत नाही.