लॅरी होम्स कितवा? शिवाजी पेठेतल्या रविवारच्या पडद्याबद्दल

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर महिन्यातून एका रविवारी, संध्याकाळी पाचला, बॉक्सिंगच्या जुन्या हेवीवेट (सर्वांत जड वजनगटाच्या) लढती पडद्यावर दाखवतात. साठ रुपये, चहा त्यातच. यावेळी अमेरिकी बॉक्सर लॅरी होम्स होता आणि वाद एकच : सगळ्या काळातल्या हेवीवेटमध्ये याला कितवा धरायचा? पैलवानांत खंचनाळे थोरले की आंदळकर, यावर रात्र काढणाऱ्या गावाला असला वाद नवा नाही. इथे मात्र लढत डोळ्यांसमोर असते आणि राउंड मोजता येतो.

पैसे वसूल होतात ते कागदामुळे. आवाज बंद ठेवून लढत दाखवतात आणि प्रत्येकाला पंधरा ओळींचा तक्ता देतात. राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. घंटा वाजली की लगेच लिहायचं, मागं जाऊन खोडायचं नाही. आवाज बंद ठेवणं फार महत्त्वाचं आहे. समालोचक ज्याचं नाव जास्त घेतो, त्याचेच ठोसे आपल्याला दिसायला लागतात. जजांचे आकडे शेवटी वाचून दाखवतात.

9 जून 1978 ची केन नॉर्टनविरुद्धची लढत पूर्ण दाखवली. पंधरा राउंड आणि मधली चौदा मिनिटं विश्रांती, म्हणजे तासाला एक मिनिट कमी. दोन जजांनी होम्सला 143-142 दिले, तिसऱ्याने तेवढेच नॉर्टनला. हे आकडे फोडून बघा : आठ राउंड एकाचे, सात दुसऱ्याचे. चौदा राउंडनंतर तिन्ही कागदांवर बरोबरी होती, म्हणजे जगज्जेतेपद शेवटच्या तीन मिनिटांत ठरलं. आता 21 सप्टेंबर 1985 ला या. 48 लढती न हरलेला होम्स मायकल स्पिंक्सकडून हरला, रॉकी मार्सियानोच्या न हरलेल्या 49 लढतींना एक कमी असताना. दोन जजांच्या कागदावर पुन्हा 143-142. ज्या एका राउंडने पद दिलं, तेवढ्याच एका राउंडने नेलं. ही लढत कार्यक्रमात नव्हती, आणि ही मोठी उणीव आहे.

निवडीबद्दल आणखी एक तक्रार. 1980 ची अलीविरुद्धची लढत दाखवायला नको होती. अली 38 वर्षांचा होता, त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानेच दहाव्या राउंडनंतर लढत थांबवली. त्यातून होम्सची उंची कळत नाही, बघणाऱ्याला फक्त वाईट वाटतं. तिच्या जागी 1983 ची टिम विदरस्पूनविरुद्धची हवी. बारा राउंड, जजांमध्ये फूट, आणि होम्स खरोखर अडचणीत. वेळ फक्त आठ मिनिटं जास्त लागेल.

पडद्याचा दोष गंभीर आहे. त्या काळच्या टीव्हीचं चित्र 4:3 मापाचं. इथला प्रोजेक्टर ते 16:9 ला ताणतो, म्हणजे आडवी प्रत्येक गोष्ट एक तृतीयांश लांब दिसते. ज्या माणसाची सगळी कीर्ती डाव्या हाताच्या सरळ जॅबवर (पुढच्या हाताच्या झटपट ठोशावर), त्याचाच हात खोटा लांब दिसला तर न्याय काय करायचा? होम्सच्या हातांचा पल्ला 81 इंच, तो तसाही भरपूर. सेटिंगमध्ये ॲस्पेक्ट रेशो 4:3 करा, एवढंच काम आहे. चित्राचा वेग मात्र बरोबर होता. मोबाइलच्या घड्याळावर घंटा ते घंटा तीन मिनिटं भरतात का, हे कुणीही तपासू शकतो.

जॅब नीट बघण्यासारखा आहे. डावा हात छातीच्या खाली, ठोसा समोरच्याच्या नजरेखालून वर येतो, म्हणून उशिरा दिसतो. एक हलका मापाला, दुसरा जड. खोट परतीच्या वाटेत आहे. हात पुन्हा खालीच येतो आणि डावी कानशिलं उघडी पडतात. 1979 मध्ये अर्नी शेव्हर्सचा उजवा ठोसा तिथूनच आला, सातव्या राउंडला होम्स आडवा. उठला आणि अकराव्यात शेव्हर्सला संपवलं. 1981 मध्ये स्नाइप्सनेही उजव्यानेच सातव्यात पाडलं, तिथेही अकराव्यात निकाल होम्सचा. तीच वाट 1988 मध्ये टायसनला चौथ्या राउंडला सापडली. तेव्हा होम्स 38 चा होता. अख्ख्या कारकिर्दीत ठरलेले राउंड पूर्ण होण्याआधी हरला तो तेवढ्या एकदाच.

होम्सला इतकं वर न धरणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. नॉर्टन, विदरस्पून, कार्ल विल्यम्स यांना त्याने पुन्हा संधी दिली नाही. ग्रेग पेज आणि पिंकलन थॉमस हे त्या काळचे दावेदार समोर आलेच नाहीत. पण त्याने हरवलेल्यांची यादी वाचा : वीव्हर, बर्बिक, विदरस्पून, बोनक्रशर स्मिथ. चौघेही पुढे जगज्जेते झाले. सलग 20 वेळा पद राखलं; त्याच्या वर फक्त जो लुईस, 25. मार्सियानोने सहा वेळा राखलं. कुणी जॉर्ज फोरमनला वर धरेल; त्याने नॉर्टनला दोन राउंडांत झोपवलं हे खरं, पण पहिल्या खेपेला पद त्याच्याकडे दोन वर्षंही टिकलं नाही. होम्सने सात वर्षं सांभाळलं. म्हणून अली, लुईस आणि मग होम्स. तिसरा.

जायचं असेल तर पावणेपाचला पोचा, पुढच्या दोन ओळींत बसा. मागून खांबामुळे पडद्याचा डावा कोपरा दिसत नाही. पेन्सिल घरून न्या, तिथल्या बोथट असतात. आणि चहाच्या वेळी विदरस्पूनची लढत मागून घ्या, मागणी झाली की ते लावतात.